गोल करणारे आठवतात, चेंडू पुरवणारे कुठे गेले? कूपरेज गाजवणाऱ्या हैदराबाद सिटी पोलीसच्या विसरलेल्या फळीविषयी

2024 मध्ये 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव पुन्हा घराघरांत पोहोचलं. भारतीय फुटबॉलचे हे उस्ताद मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारतीय संघ 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन परतला, हे आता नव्या पिढीलाही ठाऊक झालंय. पण रहीमसाहेबांनी आधी जो क्लब घडवला, त्याचं नाव विचारलं तर बरेच जण गप्प होतात. आणि त्या क्लबचे हाफबॅक कोण, फुलबॅक कोण, असं विचारलं तर विचारायलाच नको.

तो क्लब म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक या संघानं जिंकला. हा पराक्रम हैदराबादचा असला तरी तो घडला आपल्या मुंबईत, कूपरेज मैदानावर. म्हणूनच त्याच्या आठवणी फक्त चारमिनारच्या गल्ल्यांत शोधून चालणार नाही. त्या मुंबईच्या मोहल्ल्यांत आणि भाऊच्या धक्क्यावरून लाँच जिथे जिथे जाते, त्या आपल्या किनाऱ्यावरही शोधाव्या लागतील.

रेवसचा काय संबंध?

रेवसला राहणाऱ्याला मुंबई ही कायम समोर दिसणारी गोष्ट. मध्ये खाडीचं तोंड आणि बंदराचं पाणी, तास-दीड तासाचा लाँचचा प्रवास, की भाऊचा धक्का. तिथून डॉकयार्ड रोड, मस्जिद बंदर, डोंगरी, भेंडीबाजार सगळं जवळ. गोदीत, जहाजावर, गिरणीत, दुकानात कामाला असलेली आपल्या भागातली माणसं याच वाटेनं येत-जात राहिली. त्या काळात टीव्ही नव्हता. मुंबईत पाहिलेला सामना गावात पोहोचायचा तो पाहणाऱ्याच्या तोंडून. लाँचवर, धक्क्यावरच्या चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर तो सामना पुन्हा एकदा खेळला जायचा.

अशा तोंडी सांगण्यात एक खास गोष्ट असते. वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचं नाव छापून येतं. पण प्रत्यक्ष पाहणारा सांगतो, "अरे, तो डावीकडचा होता ना, त्यानं काय अडवला त्याला!" मदतीच्या भूमिकेतला खेळाडू जगतो तो बहुतेक अशा एखाद्या वाक्यात. ते वाक्य बोलणारा माणूस गेला, की तो खेळाडूही गेला.

रेवसला हे वेगळं समजवायला नको. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पण त्या खवळलेल्या पाण्यातून ज्यांनी बुडणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतलं, त्या मच्छीमारांची नावं किती जणांना सांगता येतील? मोठी घटना लक्षात राहते, तिला हातभार लावणारे हात विसरले जातात. फुटबॉलमध्येही तसंच होतं, फक्त तिथे जीवाची बाजी नसते एवढंच.

पाच वर्षं, पाच चषक

रोव्हर्स चषक सुरू झाला 1891 मध्ये. सुरुवातीची अनेक वर्षं ही गोऱ्या पलटणींची स्पर्धा होती. भारतीय नागरी संघानं हा चषक पहिल्यांदा जिंकला तो 1937 मध्ये, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. 1940 मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग विजेता झाला. म्हणजे मुंबईच्या प्रेक्षकाला बाहेरून येऊन मैदान मारणारे संघ नवे नव्हते. पण 1950 पासून जे झालं, ते वेगळंच होतं.

हैदराबादचे पोलीस आले आणि सलग पाच वर्षं चषक घेऊन गेले. 1950 मध्ये त्यांनी ड्युरँड चषकही जिंकला. अंतिम सामन्यात समोर बलाढ्य मोहन बागान होता. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि पुन्हा झालेल्या सामन्यात पोलिसांनी बाजी मारली. ड्युरँड त्यांनी 1954 आणि 1957 मध्ये पुन्हा जिंकला. 1957 मध्ये रोव्हर्सही परत त्यांच्याकडे आला. राज्य पातळीवरच्या संतोष ट्रॉफीतही हैदराबादनं 1956 आणि 1957 च्या हंगामांत लागोपाठ विजेतेपद मिळवलं, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर आपला बॉम्बेचा संघ होता. मुंबईकरांनी या संघाकडून मार खाल्ला आणि तरी त्याच्यावर जीव लावला.

हे लोक होते कोण? नावाप्रमाणे पोलीस खात्यात नोकरी करणारे. आजच्यासारखे कोटींचे करार तेव्हा नव्हते. खात्यातली नोकरी म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार, आणि त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ मैदानावर घाम. साध्या घरांतली ही पोरं. मुसलमान होते, ख्रिस्ती होते, हिंदू होते. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, मोईनुद्दीन यांच्यासोबत अँथनी पॅट्रिक, नॉर्बर्ट अँड्र्यू, सुसाई आणि पुढे तुळशीदास बलराम अशी नावं एकाच संघात दिसतात. हैदराबादची ती मिळून-मिसळून राहण्याची रीत मैदानावरही होती.

हाफबॅक नेमकं करतो काय?

आता थोडं खेळाविषयी, कारण हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

त्या काळात संघाची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी असे. पुढे पाच फॉरवर्ड, त्यांच्या मागे हाफबॅक, सर्वात मागे फुलबॅक आणि गोलकीपर. फॉरवर्डचं काम सगळ्यांना दिसतं. हाफबॅकचं काम दुहेरी. समोरच्या संघाचा हल्ला आला की तो मोडायचा, आणि चेंडू मिळाला की तो चटकन आपल्या फॉरवर्डच्या पायाशी द्यायचा. नव्वद टक्के वेळा चांगला हाफबॅक जे करतो, त्याचा परिणाम म्हणजे 'काहीच घडलं नाही' असा असतो. समोरचा विंगर धावत आला, यानं त्याला आत वळू दिलं नाही, हळूहळू रेषेकडे ढकलत नेलं, शेवटी विंगरनं कंटाळून चेंडू मागे दिला. यावर टाळी कोण वाजवणार? पण हा अडवला नसता तर तिथूनच गोल झाला असता.

गोलचंही तसंच. आपण शेवटची लाथ पाहतो. गोल सुरू झालेला असतो त्याच्या तीन पास आधी, जेव्हा कोणीतरी मधल्या फळीत चेंडू हिसकावला आणि क्षणही न दवडता योग्य माणसाला दिला.

लाँचवर बसणाऱ्याला हे लगेच कळेल. सुकाणूवरचा तांडेल सगळ्यांना दिसतो. पण खाली इंजिनाच्या धगीत उभा असलेला आणि धक्क्याला लागताना नेमक्या क्षणी दोर फेकणारा खलाशी नसेल, तर तांडेल एकटा काय करणार?

रहीमसाहेबांची शाळा

रहीमसाहेबांनी हे सर्वात आधी ओळखलं. ते खेळाडूला चेंडूशी खेळत बसू देत नसत. एका स्पर्शात पास द्या, ही त्यांची शिकवण. हैदराबादमध्ये त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, जिथे ड्रिब्लिंग करायला बंदी होती. काही स्पर्धांत खेळाडूला फक्त आपल्या कच्च्या पायानं खेळावं लागे. उजव्या पायाचा असेल तर डाव्यानं मारायचं. ऐकायला गंमत वाटते, पण यातून घडलं काय? संघातला प्रत्येक खेळाडू दोन्ही पायांनी पास देऊ लागला. चेंडू एका हिरोजवळ अडकून राहणं बंद झालं.

म्हणजे हैदराबाद सिटी पोलीसचा सगळा खेळच मदतनीसांच्या जिवावर उभा होता. रहीमसाहेबांच्या रचनेत एखादा फॉरवर्ड मुद्दाम मागे येऊन खेळायचा, बाजूचे खेळाडू जागा भरून काढायचे. या बदलांमुळे त्यांना काळाच्या पुढचा प्रशिक्षक म्हटलं जातं. पण रचना कागदावर चालत नाही. ती चालवतो तो मैदानावर सर्वात जास्त धावणारा आणि सर्वात कमी दिसणारा खेळाडू.

ज्यांची नावं ओठांवर यायला हवीत

नूर मोहम्मद. डावा हाफ. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला 1-0 नं हरवून सुवर्ण जिंकलं. गोल मेवालालचा. मेवालाल सगळ्यांना आठवतो. त्या सुवर्णविजेत्या संघात नूर मोहम्मदही होते. पुढे 1952 चं हेलसिंकी आणि 1956 चं मेलबर्न, अशा दोन ऑलिंपिक संघांत त्यांची निवड झाली. दोन ऑलिंपिक आणि एक आशियाई सुवर्ण, एवढं ज्याच्या नावावर आहे असा माणूस आज असता, तर त्याच्या गावात कमान उभी राहिली असती.

सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन. फुलबॅक. 1951 चं सुवर्ण आणि 1952, 1956 चे ऑलिंपिक संघ, हा सगळा प्रवास त्यांचाही. हेलसिंकीला भारत युगोस्लाव्हियाकडून 1-10 नं हरला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, सवयीच्या खेळापेक्षा सामना लांब होता आणि थंडी वेगळीच. इतिहासात तो आकडा राहिला. पण त्याच फळीतले नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन चार वर्षांनी पुन्हा उभे राहिले आणि भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला, हे कुणी सांगत नाही. दहा गोल खाल्ल्यावर परत मैदानात उतरायला जिगर लागतं.

अहमद हुसेन. बचावफळीतला उंचापुरा खेळाडू, 1956 चा ऑलिंपियन. हैदराबादहून पुढे कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडून खेळले. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बंगळुरूत त्यांचं निधन झालं. त्या दिवसांत इतक्या मृत्यूंच्या बातम्या होत्या, की या बातमीकडे कुणाचं लक्ष जाणार?

झुल्फिकारुद्दीन. मेलबर्नच्या संघातला हैदराबादचा फॉरवर्ड. पुढच्या फळीत असूनही मोठ्या नावांच्या सावलीत राहिला. 2019 मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

यूसुफ खान. यांची गोष्ट सर्वात जास्त चटका लावते. सांगाल तिथे खेळणारा माणूस. बचावात, मधल्या फळीत, पुढे, कुठेही. 4 सप्टेंबर 1962 रोजी जकार्तात दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ते पुढच्या फळीत खेळले. भारत 2-1 नं जिंकला. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. 1966 चा अर्जुन पुरस्कार यूसुफ खान यांना मिळाला, म्हणजे सरकारनं दखल घेतली नाही असं नाही. पण खेळताना डोक्याला झालेल्या दुखापती आणि नंतरचा पार्किन्सनचा आजार यांनी उतारवय कठीण करून टाकलं. 2006 मध्ये ते गेले. सांगाल तिथे खेळणाऱ्याची एक अडचण असते. लोकांना त्याची 'जागा' आठवत नाही, म्हणून तो माणूसही आठवत नाही.

मुंबईचीही दुसरी बाजू

हे फक्त हैदराबादच्या बाबतीत झालं असं नाही. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत 4-2 नं जिंकला, त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझांची हॅटट्रिक होती. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. हे नाव योग्यच लक्षात आहे. पण त्याच संघात मुंबईचे गोलकीपर एस. एस. नारायण होते, कॅल्टेक्सकडून खेळणारे. ते 2021 मध्ये गेले. जकार्ताच्या सुवर्णसंघात फोर्तुनातो फ्रँको होते, मूळचे गोव्याचे, मुंबईच्या टाटा संघाचे हाफबॅक. तेही 2021 मध्येच गेले. हॅटट्रिक मोजता येते. अडवलेला हल्ला मोजायची सोयच नव्हती.

विसर पडला तो कशामुळे?

लोक कृतघ्न असतात, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. आठवण टिकायला तिला कुठेतरी घर लागतं, आणि या संघाची तीन घरं एकामागून एक पडली.

पहिलं घर राज्याचं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं. तेलंगणा आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये, आपला मराठवाडा मुंबई राज्यात. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडच्या ज्या माणसाला हा 'आपल्या राजधानीचा' संघ वाटत होता, त्याची राजधानीच बदलली.

दुसरं घर नावाचं. हैदराबाद सिटी पोलीसचा पुढे आंध्र प्रदेश पोलीस झाला. या नव्या नावानंही रोव्हर्स आणि ड्युरँड जिंकले. पण मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन ही नावं शंभर वर्षं तशीच राहिली, म्हणून आजोबा-नातवाची आठवण एकाच धाग्यात ओवली जाते. इथे तो धागा तुटला. जून 1963 मध्ये रहीमसाहेब कर्करोगानं गेले आणि घडवणारा हातही उरला नाही.

तिसरं घर स्पर्धेचं. रोव्हर्स चषकाची शेवटची स्पर्धा झाली ती 2000-01 च्या हंगामात. त्यानंतर ती बंदच पडली. स्पर्धा चालू असती तर दर वर्षी कुणीतरी जुने विजेते आठवले असते.

राज्य गेलं, नाव गेलं, स्पर्धा गेली. उरली ती माणसांची तोंडी आठवण. आणि 1954 चा सामना दहा-बारा वर्षांचा असताना ज्यानं पाहिला, तो आज ऐंशीच्या पुढे आहे.

आता आपण काय करायचं?

फार मोठं काही नाही. आपल्या घरात, मोहल्ल्यात, गावात असे बुजुर्ग असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. "सर्वात भारी कोण होता?" असं विचारू नका. या प्रश्नाला उत्तर ठरलेलं येतं, मोठं नावच येतं. त्यापेक्षा हे विचारा:

- कूपरेजला जायचात कसे, कुणाबरोबर, तिकिटाला पैसे कुठून आणायचात?
- चेंडू हरवला की तो परत आणून कोण द्यायचा?
- समोरच्या संघाला कुणाची धास्ती वाटायची?
- कुठला खेळाडू पडला, लागलं, तरी उठून खेळला?
- सामना संपल्यावर घरी येऊन तुम्ही कुणाची नक्कल करायचात?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूल ज्याची नक्कल करतं, तो त्याचा खरा हिरो असतो, मग त्याचं नाव पेपरात येवो न येवो.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. आठवण चुकते. 1952 चा सामना 1957 चा होतो, एकाचा पास दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून जे ऐकाल ते त्याच माणसाच्या शब्दांत, त्याच्या नावानिशी आणि परवानगीनं लिहून ठेवा. तारीख आणि निकाल मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींशी ताडून पाहा. आठवण आणि नोंद दोन्ही हव्यात. नोंद सांगते की गोल कुणी केला. आठवण सांगते की त्याच्या आधी काय झालं.

घरात जुना फोटो, सामन्याचं तिकीट, कात्रण सापडलं तर ते रद्दीत देऊ नका. फोटोमागे पेन्सिलीनं नावं लिहा. डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारा माणूस आहे तोवरच ते लिहिता येतं.

हे आमच्या मनाला का लागतं, तेही सांगतो. आपल्या समाजाच्या योगदानाची चर्चा निघाली की दोन-चार मोठी नावं पुढे केली जातात. ती असावीतच. पण देश घडला तो फक्त त्या दोन-चार नावांनी नाही. पहाटे उठून मैदानावर जाणारा, दिवसा ड्युटी करणारा, सांघिक खेळात स्वतःचं नाव मागे ठेवून दुसऱ्याला चेंडू देणारा एखादा नूर मोहम्मद, एखादा अझीझुद्दीन, हेही तितकंच आपलं योगदान आहे. त्यांच्या शेजारी उभे असलेले अँथनी पॅट्रिक आणि तुळशीदास बलरामही त्याच गोष्टीचा भाग आहेत. ही गोष्ट सांगायची झाली तर अकराच्या अकरा जणांची सांगावी लागेल.

शुक्रवारी नमाजनंतर किंवा रविवारी सकाळच्या चहाला, एखाद्या बुजुर्गाला एवढंच विचारा: "चाचा, कूपरेजला कधी गेला होतात का?" आणि मग मध्ये न बोलता ऐका.